एक नया पैसा

(मंडळीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



शाळेच्या आठवणी सांगा, असे मला सुचवण्यात आले आहे. चाळिशी उलटलेल्या माणसाला हा विषय दिला की त्याला आवरणे कठीण, म्हणून अध्यक्षांनी घड्याळ समोरच ठेवले आहे.

माझे हायस्कूल संगमनेरचे. १९५५ च्या जूनमध्ये मी आठवीत गेलो. त्या वेळी आपल्याकडे इंग्रजी आठवीपासून सुरू होई. त्यामुळे मिसरूड फुटू लागलेली आम्ही मुले मोठ्याने ए, बी, सी, डी घोकत असू. मॅट्रिक अकरावीला. दप्तर म्हणजे कापडी पिशवी, तिच्यात सांडलेली दौत आणि शाईने निळी झालेली भाकरी! गावात विड्यांचा धंदा मोठा. कितीतरी मुले सकाळी आईला विड्या वळू लागून मग शाळेत येत. त्यांच्या वह्यांनाही तंबाखूचा वास असे. बुधवारी रात्री हॉटेलातल्या रेडिओवर बिनाका गीतमाला लागे. चहाला पैसे नसत, म्हणून आम्ही बाहेर उभे राहून ऐकत असू. माझे वडील मिशनच्या प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांना सिनेमाची गाणी खपत नसत, त्यामुळे दर बुधवारी मी मित्राकडे 'अभ्यासाला' जात असे. ही कबुली आज प्रथमच देतो आहे.

आठवीपासून माझ्या बाकावर भंडारदऱ्याकडच्या एका ठाकरवाडीतला मुलगा बसे. त्याची फी नादारीत माफ होती. तो एका हिरड्याच्या व्यापाऱ्याच्या ओट्यावर झोपे. सकाळ-संध्याकाळ दुकान झाडायचे, पोती उचलायची आणि त्याबदली दोन वेळची भाकरी, असा ठराव होता. हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होते.

आम्ही नववीत असताना, १ एप्रिल १९५७ ला, नवी नाणी आली. रुपयाचे सोळा आणे होते, त्याचे शंभर नये पैसे झाले. गणिताच्या सरांनी फळ्यावर कोष्टक लिहिले : एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९, चार आणे म्हणजे २५. आम्ही मुकाट्याने उतरवून घेतले. हा मात्र उभा राहिला.

"सर, चार आण्यांचा माल एकदम विकला तर पंचवीस पैसे. पण माझी आय आण्या-आण्याचा हिरडा विकते. चार खेपांना तिला साही चोक चोवीसच. मग एक पैसा कुणाकडं गेला?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "हे पुस्तकात नाही. पण तुझे बरोबर आहे."

मे महिन्याच्या सुट्टीत तो वाडीवर गेला. जूनमध्ये दहावीचा वर्ग भरला तेव्हा त्याची जागा रिकामी होती. व्यापाऱ्याने ओट्यावर दुसरा गडी ठेवला होता. मी मॉनिटर होतो. रोज त्याचे नाव पुकारून पुढे 'गै' लिहीत असे. महिन्याने वर्गशिक्षक म्हणाले, "नाव कमी कर." मी पट्टी घेऊन तांबड्या शाईने त्या नावावर सरळ रेघ ओढली. रेघ इतकी सुरेख आली की सरांनी शाबासकी दिली.

आमचे घर दोन खोल्यांचे होते. रात्री आणखी एक अंथरूण पडले असते. आई नाही म्हणाली नसती. पण मी तिला विचारलेच नाही.

अठरा वर्षांनी, या सेवेत आल्यावर, राजूरच्या आठवडे बाजारात तो मला भेटला. त्यानेच ओळखले. झाडाखाली बसून त्याने आमच्या नववीचा हजेरीपट पहिल्या नंबरापासून क्रमाने म्हणून दाखवला. मी अकरावीपर्यंत शिकलो, पण मला त्यातली निम्मी नावे आठवत नव्हती. स्वतःच्या नावाशी आल्यावर तो "हजर!" म्हणाला आणि हसला. मला हसता आले नाही.

त्याचा मुलगा नुकताच सातवी पास झाला होता. "पुढे काय?" मी विचारले.

"शाळा हाय रे मॉनिटर. पोरानं निजायचं कुठं?"

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. साताऱ्याला १९२४ मध्ये त्यांनी वसतिगृह काढले आणि तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहू-जेवू लागली. आम्ही मॅट्रिक झालो त्याच वर्षी, ९ मे १९५९ ला, भाऊराव गेले. तेव्हा आम्ही निकालाच्या काळजीत होतो. नुसती फी माफ केल्याने मूल शिकत नाही, हे माझ्या शेजारी दोन वर्षे बसलेल्या मुलाने मला दाखवले होते, आणि तरी ते मला कळले नव्हते.

त्या रात्री घरी जाऊन मी पत्नीला तो प्रश्न विचारला, जो आईला विचारायचा राहिला होता. ती म्हणाली, "घेऊन या." मुलगा तीन वर्षे आमच्याकडे राहिला आणि दहावी होऊन गेला. यात माझा मोठेपणा नाही. फार जुनी बाकी होती, तीही पुरती फिटलेली नाही. त्याच्या बापाचे दहावीचे वर्ष मी कुठून आणून देणार?

दहा नाण्यांतले एक हरवले म्हणून दिवा लावून घर झाडणारी स्त्री आपल्याला शास्त्रातून ठाऊक आहे. तिच्याजवळ नऊ होती, तरी ती शोधत राहिली.

तेव्हा शाळेच्या आठवणी मुलांना जरूर सांगा, हसवा त्यांना. पण सांगताना एखादे नाव मध्येच तुटले, तर त्यापाशी थोडे थांबा. आणि आपल्या गावच्या हायस्कुलात डोंगरावरून आलेला मुलगा दिसला, तर 'कितवीत आहेस?' एवढेच विचारून पुढे जाऊ नका. रात्री कुठे झोपतोस, आज काय जेवलास, हेही विचारा. उत्तर ऐकल्यावर काय करायचे, ते घरी गेल्यावर आपापल्या माणसांशी बोलून ठरवा.

अध्यक्षांचे घड्याळ माझ्याकडे पाहते आहे. थांबतो.