दात वेळीच पाहा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्या, व्यवसाय आणि विवाह या विषयांवर आपल्या व्यासपीठावरून दर वर्षी बोलले जाते. त्या थोर विषयांच्या पंक्तीत दातांना स्थान कसले, असे कोणास वाटेल. परंतु आपल्या वधूवर-मेळाव्याचा आणि आमच्या दवाखान्याचा संबंध फार जवळचा आहे. मेळाव्याची तारीख जाहीर झाली की एखादी माउली आपल्या उपवर मुलीस घेऊन येते आणि म्हणते, "डॉक्टर, हिचे दात जरा पुढे आहेत, तीन महिन्यांत मागे घेता येतील का?" तीन महिन्यांत ते होत नाही. तारा लावून दात जागेवर आणण्यास सामान्यतः दीड ते दोन वर्षे लागतात. त्याहून दुःखाची गोष्ट ही की, जो प्रश्न लग्नाच्या वेळी विचारला जातो, तो त्या मुलीच्या ७ व्या वर्षी विचारावयास हवा होता. आमच्या आजच्या बोलण्याचे सार एवढेच आहे.

७ वेच वर्ष का? दुधाचे दात २० असतात. ६ व्या वर्षाच्या सुमारास त्यांच्या मागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ येते. ती दुधाचीच समजून तिची हेळसांड करणारी घरे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत. पुढे पटाशीचे कायमचे दात येऊ लागतात. ९ ते १२ या वर्षांत उपदाढा व सुळे येतात. म्हणजे ७ व्या वर्षी दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात हे कळू लागते आणि जबड्याची वाढही बरीच शिल्लक असते. पाहणे म्हणजे लगेच तारा लावणे नव्हे. तारा बहुधा ११ ते १४ या वयात लागतात. काही दोषांना मात्र तोवर थांबणे परवडत नाही.

मुलास उजेडात बसवावे, दाढा मिटावयास सांगावे आणि ओठ बोटांनी हलकेच दूर करून पाहावे. वरचे दात खालच्या दातांच्या किंचित बाहेर असावेत. एखादा वरचा दात आत बसत असेल, अथवा तोंड मिटताना हनुवटी एका बाजूस सरकत असेल, तर दिरंगाई करू नये. अशाने जबडा वाकडा वाढू शकतो. वरचे दात फार पुढे असतील, तर खेळताना पडल्यावर प्रथम तेच मोडतात. खालचे दात टाळूस लागणे, दाढा मिटूनही पुढे फट राहणे, दुधाचा दात न पडता त्याच्या मागे दुसरा उगवणे, एका बाजूचा दात येऊन सहा महिने लोटले तरी दुसऱ्या बाजूचा न येणे, याही दाखविण्याजोग्या खुणा होत. ५ वर्षांनंतरही अंगठा चोखणाऱ्या मुलाची सवय मायेने सोडवावी. झोपेत नेहमी तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे मूल कान-नाक-घशाच्या वैद्यांनाही दाखवावे.

काही गोष्टींची भीती मात्र व्यर्थ आहे. दुधाच्या दातांतील फटी चांगल्याच. पुढील मोठ्या दातांना त्या जागा देतात. ८ ते १० या वयात वरच्या दोन पुढच्या दातांतील फट पाहून आईबाप घाबरतात. सुळे उतरले की ती बहुधा आपोआप मिटते.

आता आमचीच एक चूक सांगतो. व्यवसायाच्या आरंभीच्या काळात नात्यातील एका ६ वर्षांच्या मुलीची किडलेली दुधाची दाढ आम्ही काढली. "दुधाचीच तर होती," असे घरचे म्हणाले आणि आम्हीही मान डोलावली. रिकामी जागा राखण्यासाठी लहानसे साधन बसवावयाचे, ते बसविले नाही. मागची दाढ पुढे सरकली, पुढच्या दातास जागा उरली नाही आणि १३ व्या वर्षी त्या मुलीचा सुळा हिरडीत उंचावर निघाला. शाळेत मुलींनी तिला जे नाव ठेवले, ते येथे उच्चारवत नाही. दोन वर्षे तारा लावून दात सरळ झाले. परंतु हसताना तोंडावर हात धरण्याची तिची सवय आजही गेलेली नाही. दुधाची दाढ किडली तर भरून घ्यावी, हा धडा आम्हांस तिच्या मोलाने मिळाला.

ज्यांची वेळ टळली त्यांनी निराश होऊ नये. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मंद दाब सतत मिळाला की एका बाजूचे हाड विरते, दुसऱ्या बाजूस नवे भरते आणि दात सरकतो. ही क्रिया चाळिशीत, पन्नाशीतही घडते. मात्र हिरड्या निरोगी हव्यात. आणि दोष जबड्याच्या हाडाचाच असेल, तर वाढ संपल्यावर कधी शस्त्रक्रियेचाही विचार करावा लागतो. पूर्वी सरळ असलेले दात उतारवयात फाकू लागले, तर आधी हिरड्या तपासाव्यात. तारा निघाल्यावर दात मूळ जागी परतू पाहतात. म्हणून सांगितलेले धारक साधन नेमाने वापरावे.

हे काम या शाखेतील एम.डी.एस. पदवीधराकडूनच करून घ्यावे. खर्चाची चिंता असेल त्यांनी मुंबई किंवा नागपूर येथील शासकीय दंतमहाविद्यालयात, अथवा १९३३ पासून चालत आलेल्या मुंबईच्या नायर दंतमहाविद्यालयात चौकशी करावी.

शेवटी दोन विनंत्या. मुलीचे दात लग्नासाठी आणि मुलाचे चालतील तसे, हा भेद सोडावा. चावणे, दात स्वच्छ राखणे आणि मोकळेपणाने हसणे दोघांनाही सारखेच हवे. दुसरी विनंती मंडळास: दर वर्षी वह्यावाटपास दुसरीतली मुले येतात, त्याच दिवशी त्यांचे दात तपासावेत. त्या कामी आम्ही आनंदाने येऊ.