येणी, देणी आणि मंदी



लहान कारखाना मंदीत तोट्याने मरण्याआधी रोकड आटून मरतो. हिशेबात नफा दिसत असतो, बिलं गेलेली असतात, आणि तरी पगाराला पैसे नसतात. धरा, वर्षाची विक्री ३ कोटी ६५ लाख, म्हणजे रोजची एक लाख. गिऱ्हाईक ६० दिवसांऐवजी ९० दिवसांनी पैसे देऊ लागलं, तर एकही ऑर्डर न गमावता ३० लाख रुपये बाहेर अडकले. ते रोज थोडेथोडे अडकतात. म्हणून ही ओढाताण मालकाला पहिल्या पंधरवड्यात कळते की बँकेचा फोन आल्यावर, यावर पुढचं सारं ठरतं. व्यवसायाचे व्यवहार एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर लहान उद्योगाला मंदीत हा वेळ मिळवून देतं. ऑर्डरी ते आणत नाही, आणि तसं सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, लहान धंद्याचा मालक सगळं डोक्यात ठेवतोच. कोण किती देणं लागतो हे त्याला पाठ असतं, हे खरं. पण एका नगामागे खर्च किती, हे पाठ नसतं. कोल्हापूरच्या शिरोली भागातली फाउंड्री घ्या. कच्चं लोखंड, भंगार, कोक किंवा वीज, साचे, मजुरी. मग कास्टिंग मशीनिंगसाठी दुसऱ्याकडे जॉबवर्कला, तिथून परत, त्यात काही नग नापास. मंदीत मोठा खरेदीदार दर कमी करा म्हणतो. भट्टी चालू राहावी म्हणून मालक हो म्हणतो. हा निर्णय कधी शहाणपणाचा असतो: नव्या दरातून माल, वीज आणि मजुरी सुटून भाडं व हप्त्यांसाठी थोडं उरत असेल तर ऑर्डर घ्यावीच. तेवढंही उरत नसेल, तर प्रत्येक नग घरचे पैसे घेऊन बाहेर पडतो. ही रेघ कुठे आहे ते खरेदी, चलन, नापास माल आणि बिल एकाच नोंदीत जोडल्याशिवाय दिसत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा असंख्य छोट्या धंद्यांना संगणकावर हिशेब ठेवणं भाग पडलं. पण बहुतेकांनी तो सी.ए.कडे विवरणपत्र भरण्यापुरता ठेवला. महिना उलटल्यावर भरलेल्या नोंदी कराच्या उपयोगी पडतात, दर ठरवण्याच्या नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. थकलेली येणी दिसली तरी वसूल कशी करायची? २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायला सांगितले, उशिरावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लावलं. तरी मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला लहान पुरवठादार धजावत नाही. धीर सॉफ्टवेअर देऊ शकत नाही, हे मान्य. मात्र २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून मुदतीत न दिलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे चुकते केल्याशिवाय खर्चात दाखवता येईना, आणि त्यामुळे ही मुदत जिथून मोजतात ती माल स्वीकारल्याची तारीख मोलाची झाली. ती तारीख आणि आपण लघुउद्योग असल्याचं दाखवणारा उद्यम नोंदणी क्रमांक बिलाशी जोडलेले असतील, तर स्मरणपत्र ही विनवणी राहत नाही. कर्जाचंही तसंच. २०२० च्या टाळेबंदीत सरकारने हमी दिलेलं तातडीचं कर्ज सुरुवातीला २९ फेब्रुवारी २०२० ला फेडायच्या बाकी असलेल्या कर्जाच्या २० टक्के होतं. ज्याने आधी कर्जच घेतलं नव्हतं, तो बाहेर राहिला. अशा उद्योजकाला बँकेपुढे ठेवायला स्वतःचे नीट जुळणारे हिशेबच असतात.

राहिला खर्च. मोठ्या कंपन्यांची अवजड प्रणाली घेऊन फसलेले लहान कारखाने आहेत, आणि त्यांचा राग रास्त आहे. पण मुंबईत तयार झालेल्या ईआरपीनेक्स्टसारख्या प्रणालीचा सोर्स कोड सर्वांना खुला आहे. परवान्याचे पैसे हा आता मुख्य अडसर नाही. खरा खर्च रोज संध्याकाळी नोंद करणाऱ्या माणसाचा आहे, आणि मंदी आली की काटछाट नेमकी त्याच्यापासून सुरू होते. हे थांबवायला हवं. औद्योगिक वसाहतींच्या संघटनांनी आठ-दहा कारखान्यांत मिळून एक जाणकार हिशेबनीस नेमावा, सुरुवात फक्त बिलं, येणी आणि साठा यांपासून करावी, आणि ती ऑर्डरी भरपूर असतानाच करावी. कारण वर्षभराच्या जुन्या नोंदी हाताशी नसतील, तर मंदीच्या पहिल्या महिन्याची तुलना करायला काहीच उरत नाही.