ओलेत्स्को : दोन मतांचा जिल्हा

आज आपण जाणार आहोत पोलंडच्या ईशान्य कोपऱ्यात, तळ्यांच्या माझुरी प्रदेशात. तिथं ओलेत्स्को नावाचा जिल्हा आहे. म्हणायचा जिल्हा, पण आकार आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा. शंभर वर्षांपूर्वी तो जर्मनीच्या पूर्व प्रशिया प्रांतात होता.

११ जुलै १९२० ला तिथं सार्वमत झालं. जर्मनी पहिलं महायुद्ध हरली होती, पोलंड सव्वाशे वर्षांनी पुन्हा स्वतंत्र झाला होता. या भागानं कुठं राहायचं, हे व्हर्सायच्या तहानुसार लोकांनी ठरवायचं होतं. ओलेत्स्को जिल्ह्याचा निकाल ऐका. पूर्व प्रशियाला मतं २८,६२५. पोलंडला मतं २. हजार नाही, शंभर नाही, फक्त दोन!

आता यातलं कोडं सांगते. या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पोलिश भाषेचीच माझुरी बोली बोलली जायची. मग ही माणसं पोलंडला का नको म्हणाली?

त्यासाठी चारशे वर्षं मागं जायला हवं. १५२५ मध्ये प्रशियाचा ड्यूक आल्ब्रेख्त यानं लूथरचा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. त्या वेळी तो पोलंडच्या राजाचा मांडलिक होता. त्याच्या मुलखात शेजारच्या माझोव्हियातून पोलिश बोलणारे शेतकरी येऊन वसले आणि प्रोटेस्टंट झाले. १५६० मध्ये आल्ब्रेख्तनं इथलं शहर वसवलं, मार्ग्राबोवा. पुढं १६५७ मध्ये पोलंडचं अधिराज्य संपलं. शेतकऱ्यांची भाषा मात्र पोलिशच राहिली. चर्चमधली भजनं पोलिश आणि राजा प्रशियाचा, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. सीमेपलीकडचे पोलिश लोक कॅथलिक होते. बोली जवळची, पण देवळं वेगळी, कायदे वेगळे, लष्करी सेवा वेगळी. १८७३ नंतर शाळांतून पोलिश हटवून जर्मन आणली गेली, तेव्हा मुलं घरी एक आणि वर्गात दुसरी भाषा बोलू लागली.

१९२० मध्ये आणखीही कारणं होती. मतपत्रिकेवर 'जर्मनी' नव्हतं, 'पूर्व प्रशिया' होतं, म्हणजे आपलाच ओळखीचा प्रांत. पोलंड त्याच वेळी सोव्हिएत रशियाशी लढत होता आणि त्या उन्हाळ्यात मागं हटत होता. जर्मन संघटनांचा प्रचार जोरदार होता आणि पोलंडच्या बाजूनं बोलणाऱ्यांवर दहशतही होती. तेव्हा दोन हा आकडा म्हणजे सगळ्यांचं मन, असं कुणी समजू नये. पण नुसत्या धाकानंही असा निकाल लागत नाही.

या निष्ठेचं बक्षीस मिळालं. १९२८ मध्ये मार्ग्राबोवाचं नाव बदलून ट्रॉयबुर्ग ठेवलं, म्हणजे 'निष्ठावंत गड'. आणि दहाच वर्षांनी त्याच निष्ठावंतांच्या गावांची नावं नाझी सरकारला खुपू लागली, कारण ती पोलिश वळणाची होती. १९३८ मध्ये वीलित्स्केन गावाचं वालेनरोडे झालं. १९३९ मध्ये चर्चमधली पोलिश प्रार्थनाही बंद झाली.

१९४४ च्या शरद ऋतूत रशियन फौजा जवळ आल्या आणि लोकांना घरं सोडावी लागली. जानेवारी १९४५ मध्ये शहर पडलं. युद्धानंतर जिल्हा पोलंडला मिळाला. ट्रॉयबुर्गचं ओलेत्स्को झालं, वालेनरोडेचं व्येलिच्की. जे माझुरी उरले, त्यांना आता पोलिश असल्याची पडताळणी करून घ्यावी लागली. ज्या बोलीमुळे काल संशय, त्याच बोलीचा आज दाखला! नव्या राज्यातही ते 'जर्मन'च ठरत राहिले, आणि पुढच्या दशकांत बहुतेक जण पश्चिम जर्मनीला निघून गेले.

त्यांच्या घरांत कोण आलं? शेजारच्या सुवाल्की भागातले लोक आले, आणि सोव्हिएत संघाकडं गेलेल्या पूर्व पोलंडमधले निर्वासितही आले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत युद्धकाळात पोलिश कुटुंबं राहिली होती, हे तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. त्यातली बरीचशी त्याच पूर्व पोलंडमधली. त्यांचंही परतायचं गाव नकाशात दुसऱ्या देशात गेलं होतं.

आज ओलेत्स्को शांत आहे. १९७५ मध्ये हा जिल्हा मोडला, १९९९ मध्ये गोवदापबरोबर जोडून परत आला, आणि २००२ पासून पुन्हा स्वतंत्र आहे.

आपल्या मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर दोन रकाने असतात : घरी बोलली जाणारी भाषा आणि नागरिकत्व. आपण एकात मराठी लिहितो, दुसऱ्यात काही वेगळं, आणि पुढं जातो. माझुरी माणसाला हे दोन रकाने वेगळे ठेवायचे होते. एकामागून एक आलेल्या सरकारांनी त्याला ते ठेवू दिले नाहीत. तो फॉर्म पुन्हा हातात येईल, तेव्हा मुलांना ओलेत्स्कोची ही गोष्ट जरूर सांगा.