नवी चेन, जुने दात

जुन्या गाडीचा विषय निघाला की बोलणं रंगावर, क्रोमवर आणि हॉर्नवर येतं. मी आज बोलणार आहे ती वस्तू मालकाला वर्षानुवर्षं दिसत नाही. इंजिनाच्या पुढच्या झाकणाआड असते ती टायमिंग चेन.

माझ्याकडे वडिलांची पद्मिनी आहे. एका वर्षी मुंबईहून नाशिकला येताना ती कसारा घाटात धापा टाकू लागली. कार्बोरेटर साफ केला, प्लग आणि पॉइंट बदलले. टायमिंग लावलं की चार दिवस बरं, पुन्हा तेच. सकाळी गाडी सुरू करताना पुढून खुळखुळ आवाजही येई.

पद्मिनी असो की अॅम्बॅसडर, क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक व्हायला हवा. म्हणून कॅमच्या चाकाला दुप्पट दात. व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते कॅम ठरवतो आणि डिस्ट्रिब्यूटरही त्याच्यावरच फिरतो. चेन सैल पडली की व्हॉल्व्ह आणि ठिणगी, दोघांचीही वेळ चुकते.

आपण म्हणतो, चेन ताणली. खरं तर लोखंड ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश केसभर झिजतात. पण कड्या पुष्कळ, त्यामुळे केसाकेसाची बेरीज मोठी होते.

याची परीक्षा घरी करता येते. डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढा. क्रँकची पुली पान्यानं एका दिशेला फिरवा, मग हळूच उलटी. रोटर हलायच्या आधी पुली किती फिरते ते पाहा. थोडी ढिलाई डिस्ट्रिब्यूटरच्या गिअरचीही असते. पण पुली बरीच फिरूनही रोटर जागचा हलला नाही, तर झाकण उघडायला हवं.

आमच्या मिस्त्रींनी रेडिएटर, पट्टा आणि पुली काढून झाकण उघडलं. म्हणाले, "भाऊ, चेन बदलताय तर दोन्ही चाकंही बदला." चाकं सहज मिळत नव्हती. मी म्हटलं, दात तर शाबूत दिसतात, नुसती चेन टाका. काही महिन्यांतच खुळखुळ परत आली. पुन्हा सगळं उघडलं तेव्हा नवी चेनही झिजली होती. सायकलवाल्यांना हे ठाऊक असतं. जुन्या चेनबरोबर दातही झिजून मांजराच्या नखासारखे वाकडे होतात आणि नवी चेन त्यांच्यावर नीट बसत नाही. चाकांचे पैसे वाचवायला गेलो आणि मजुरी दोनदा भरली.

शेवटी कुर्ल्याच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चाकांची जोडी मिळाली. ही गाडी बनली तीही कुर्ल्यातच.

बसवताना घाई नको. दोन्ही चाकांवर खुणा असतात. त्या कशा जुळवायच्या हे गाडीच्या पुस्तकात पाहा. कॅमच्या चाकाला 40 दात असतील तर एका दाताची चूक म्हणजे कॅमचे 9 अंश, क्रँकचे 18. दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का, ते पट्टी लावून तपासा. टेन्शनर, ऑइल सील आणि गास्केट नवंच घाला. मग इंजिन हातानं फिरवा. क्रँकचे दोन पूर्ण फेरे झाल्यावर खुणा पुन्हा जागेवर यायला हव्यात. त्याआधी स्टार्टर मारू नका.

अॅम्बॅसडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. सुट्या भागांचं मोठं गिऱ्हाईकच गेलं. म्हणून सांगतो, चेन आणि दोन्ही चाकांचा पूर्ण संच हाती आल्याशिवाय इंजिन उघडू नका. आणि अनुभवी मिस्त्री सांगतील ते, माझ्यासारखं न करता, पहिल्याच वेळी ऐका.