परदेशातील वॉर्ड आणि परिचारिकेची इंग्रजी

ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून काम करण्यासाठी तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी लागते. बी.एस्सी. नर्सिंगची पदवी घेणाऱ्यांपैकी परदेशाचा विचार करणाऱ्या अनेकांना ड्रेसिंग, सलाइन, औषधांच्या मात्रा यांची धास्ती वाटत नाही. धास्ती असते इंग्रजीची. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना ती अधिकच. नोंदणीसाठीच्या इंग्रजी परीक्षेचे स्वरूप ठाऊक नसल्याने ती आणखी वाढते.

नोंदणीसाठी आयईएल्टीएस किंवा ओईटी यांपैकी एक परीक्षा चालते. आयईएल्टीएसमध्ये ऐकणे, वाचणे आणि बोलणे यांत प्रत्येकी किमान ७, तर लेखनात ६.५ गुण लागतात. ओईटीत हेच आकडे ३५० आणि ३०० आहेत. ओईटी ही ऑस्ट्रेलियात खास आरोग्यसेवकांसाठी तयार झालेली परीक्षा. तिच्यात निबंध नसतो. रुग्णाच्या नोंदी हाती दिल्या जातात आणि त्यांवरून ४५ मिनिटांत पत्र लिहायचे असते, बहुधा रुग्णाची पुढची काळजी घेणाऱ्या सहकाऱ्याला. सगळ्याच नोंदी उतरवून काढल्या तर गुण जातात. वाचणाऱ्याला नेमके काय लागेल ते निवडता आले पाहिजे.

बोलण्याच्या भागात सुमारे ५ मिनिटांचे दोन प्रसंग असतात. समोरचा रुग्ण किंवा नातेवाईक घाबरलेला असतो, कधी चिडलेला, आणि त्याला समजावायचे असते. त्याचे ऐकून घेतले का, त्याला कळेल असे सांगितले का, यालाही गुण असतात. उच्चार इंग्रजांसारखा असण्याची अट नाही, तो स्पष्ट असला म्हणजे झाले. जिल्हा रुग्णालयात रात्रपाळीला नातेवाइकांना धीर दिलेल्या विद्यार्थिनीकडे हे कसब आधीच असते, आणि ही तिची खरी पुंजी आहे. ते इंग्रजीत उतरायला सराव हवा, तोही मोठ्याने बोलून. शब्दांच्या याद्या पाठ करून फारसे साधत नाही.

इंग्रजीखेरीज नोंदणीसाठी नर्सिंगच्याही दोन परीक्षा असतात. त्यांतली संगणकावरची लेखी परीक्षा भारतात देता येते. प्रात्यक्षिक परीक्षा मात्र ब्रिटनमध्येच होते. पुढे नोकरीत इंग्रजीचा कस लागतो हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती सोपवण्याच्या वेळी. तिथे बहुधा एसबार ही पद्धत वापरतात: आत्ता काय झाले आहे, पूर्वेतिहास काय, परिचारिकेचे निरीक्षण काय आणि आता काय करायला हवे. या क्रमाने बोलायची सवय असली की साध्या, छोट्या वाक्यांतही काम चोख होते. फोनवरचे बोलणे त्याहून अवघड, कारण चेहरा दिसत नाही. औषधाचे नाव आणि मात्रा परत म्हणून खात्री करून घेणे ही तिथे सुरक्षिततेची रीत मानली जाते, त्यात कमीपणा नाही.

इंग्रजीच्या या धास्तीचा फायदा घेणारे एजंटही आहेत. १९८३च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि ती ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी इतकी आहे. ब्रिटनची आरोग्यसेवा-भरतीची आचारसंहिता तर उमेदवाराकडून भरतीचे शुल्क घेऊच देत नाही.