पायमोज्यांची लोकर आणि घरचें मांजर

थंड देशांत हातांनीं पायमोजे विणणारांना लोकर सांठविण्याचा एक गोड छंद जडलेला असतो. स्वेटरसाठीं लोकर घ्यावयाची म्हणजे मापाचा नि पैशाचा विचार आला. पायमोज्यांच्या जोडीला मात्र १०० ग्रॅमची, सुमारें ४०० मीटर लांबीची एक लड बहुधा पुरते. रंग आवडला कीं घेतली! मग कपाट केव्हां भरलें तें उमगतच नाहीं.

अशा घरांत मांजर असलें, तर लोकरीचा गुंडा पळविण्याची त्याची लीला पाहून मंडळी हंसतात. गुंता काय, सुटतो. लोकर गिळली गेली म्हणजे मात्र प्रसंग प्राणांवर बेततो. मांजराच्या जिभेवरील कांटे घशाकडे वळलेले असल्यामुळें तोंडांत गेलेला धागा थुंकून टाकणें त्याला कठीण जातें. धाग्याचें एक टोक जिभेखालीं किंवा जठरांत अडकतें, दुसरें पुढें सरकतें. आंतडें त्यावर चुण्या पडून गोळा होतें आणि प्रसंगीं चिरतें. टांच लवकर झिजूं नये म्हणून या लोकरींत पुष्कळदां पाव हिस्सा नायलॉन घालतात. मोज्याला हितकर असा हा चिवटपणा आंतड्याचा वैरी ठरतो.

धागा तोंडांतून वा शेपटीखालून लोंबतांना दिसला, तर तो ओढूं नये. तत्काळ पशुवैद्य गांठावा. वेताची उघडी टोपली दिसावयास सुरेख, पण येथें निरुपयोगी. लडी घट्ट झांकणाच्या पेटींतच ठेवाव्या. अर्धवट मोजा सुयांसह खुर्चीवर टाकून चहाला उठणें तर सर्वांत वाईट. पेटींतल्या लोकरीला कसरही सहसा लागत नाहीं, हा वरचा लाभ.