नऊ, आठ आणि सात

मोजमापाबद्दल बोलायला हिवरा आश्रमासारखी जागा नाही. विवेकानंद जयंतीच्या महोत्सवात इथे लाखो माणसं पंगतीला बसतात, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. गहू किती, तेल किती, वांगी किती, हे आधी ठरवणारी जाणती माणसं या पंचक्रोशीत आहेत. आणि त्यांचीच नातवंडं पेपरात ‘१ क्विंटल = १०० किलो’ असं बिनचूक लिहितात, पण हातातला डबा दोनशे ग्रॅमचा की दोन किलोचा, असं विचारलं की गप्प होतात. पूर्ण गुण मिळालेल्या मुलाला खरंच काय समजलं, हा आजचा माझा विषय आहे.

एक साधा प्रश्न घ्या. पट्टीवर पेन्सिल ठेवली आहे. तिचं एक टोक २ वर, दुसरं ९ वर. लांबी किती? एक मूल म्हणतं नऊ, दुसरं आठ, तिसरं सात. आपण तिसऱ्याला बरोबरची खूण करतो, पहिल्या दोघांना सारखीच फुली. इथेच आपलं चुकतं. नऊ म्हणणाऱ्यानं फक्त टोकाशी छापलेला आकडा वाचला. आठ म्हणणाऱ्यानं मोजलं खरं, पण रेघा मोजल्या. दोन रेघांमधलं अंतर मोजायचं असतं हे त्याला अजून कळलेलं नाही. दोघांची अडचण वेगळी, म्हणून दोघांना शिकवायचंही वेगळं. आठ म्हणणारा तर सातच्या अगदी उंबरठ्यावर आहे, आणि त्यालाच आपण ‘कच्चा’ म्हणून मागे बसवतो!

ही अडचण मोठेपणी आपोआप जात नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना हेच विचारलं होतं. वस्तू शून्यापासून ठेवली तेव्हा सुमारे ८५ टक्क्यांनी लांबी बरोबर सांगितली; शून्य सोडून ठेवली तेव्हा ३९ टक्क्यांनी. म्हणजे कित्येक मुलं आठ-दहा वर्षं पट्टी वापरूनही आकडाच वाचत राहिली.

म्हणून शिक्षकांना माझं सांगणं आहे की, शून्याकडचा भाग मोडलेली पट्टी फेकू नका. तिसरीच्या मुलाच्या हातात ती द्या, वहीची कड मोजायला सांगा आणि तो काय करतो ते बघत राहा. उत्तर आलं की एवढंच विचारा, ‘कसं मोजलंस?’

दुसरी कसोटी पावलांची. वर्गाची लांबी एका मुलीच्या पावलांनी वीस भरली, गुरुजींच्या बारा. मग वर्ग कुणाचा लांब? मुलं आधी मुलीचा म्हणतात, मग आपसात भांडतात. माप लहान घेतलं की संख्या वाढते, हे त्या भांडणातून ज्याच्या तोंडी येईल त्याला एकक कळलं. इथल्या वडीलधाऱ्यांना शेर-पायली आठवत असेल. दर मुलखाचा शेर निराळा, म्हणून तर १९५६ चा वजनमापांचा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजनं लागू होऊ लागली. पावलांवरून भांडलेल्या मुलांना त्या कायद्याची गरज वेगळी समजवावी लागत नाही.

क्षेत्रफळाचं मात्र दुखणं मोठं आहे. ‘लांबी गुणिले रुंदी’ पाठ असतं. चौरस म्हणजे काय, ते कुणी जमिनीवर आखून दाखवलेलं नसतं. घरी बोलणं एकर-गुंठ्यांत, सातबारावर हेक्टर-आर, पुस्तकात चौरस मीटर. मैदानात दहा मीटर बाजूचा चौरस चुन्यानं आखा. तो एक आर झाला. गुंठा त्याहून थोडासाच मोठा. त्यात मुलांना उभं करा आणि विचारा, असे किती चौरस मिळून तुमचं वावर होईल?

पालकांनीही एक करावं. एक किलो कणकेत पुऱ्या किती होतात, ते मुलांना घरी मोजू द्या. मग शंभर माणसांच्या पंगतीला कणीक किती लागेल, ते शाळेत विचारू द्या. उत्तरं वेगवेगळी येतील. पुरी कुणाची लहान, कुणाची मोठी. शिक्षकांनी नुसता गुण न देता, कोणत्या मुलानं काय धरून हिशेब केला, ते त्याच्या नावापुढे एका ओळीत लिहून ठेवावं. पुढच्या आठवड्यात कुणाला काय शिकवायचं, ते त्या ओळीवरून ठरेल.